मुक्काम पोस्ट आष्टी, जिल्हा बीड

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरात जुन्या पत्रांची चवड अजून जपलेली असेल, तर तिच्यातले कुठलेही एक पत्र काढून पाहावे. नावाखाली ‘मु. पो.’ आणि गाव. त्याखाली ‘ता.’ आणि तालुका. त्याखाली ‘जि. बीड’. पिन कोड लिहिलाच असेल तर शेवटी. शाळेत पत्रलेखन शिकवताना गुरुजी या आद्याक्षरांवर अडून बसत. जिल्हा लिहायचा राहिला की गुण कापत. पोस्टमनला गाव माहीत असते, मग तालुका-जिल्हा कशाला, असे पोरांना वाटे. आपल्या नावाचे गाव जगात एकच, अशी त्या वयात प्रत्येकाची खात्री असते.

आष्टीच्या मुलाचीही असते. पण आष्टी बीड जिल्ह्यात आहे तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. १९४२च्या लढ्यातल्या हुतात्म्यांमुळे ती ‘आष्टी शहीद’ म्हणून ओळखली जाते. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आष्टी आहे, जालन्यात परतूर तालुक्यात आहे, सोलापुरात मोहोळ तालुक्यातही आहे. शिरूर कासार बीडचे, शिरूर घोडनदी पुण्याचे, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद लातूरचे. पाटोदा हा बीडचा तालुका, आणि आदर्श गाव म्हणून गाजलेले पाटोदा छत्रपती संभाजीनगरजवळचे. मांजरसुंबा म्हटले की बीडकरांना महामार्गावरचा फाटा आठवतो, नगरकरांना मांजरसुंब्याचा गड. माणसांनी यातून केव्हाच वाट काढली आहे. कासार, घोडनदी, अनंतपाळ ही नावांना लागलेली शेपटे त्यासाठीच आहेत. संगणकाला मात्र हे सांगावे लागते. कसे सांगायचे, आणि सांगितले नाही तर काय घडते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

गावाचे नाव किंवा पत्ता देऊन त्याचे अक्षांश-रेखांश मिळवणे याला जिओकोडिंग म्हणतात. अक्षांश-रेखांश देऊन तिथे कोणते गाव, कोणता तालुका आहे असे विचारणे ही त्याची उलटी बाजू, रिव्हर्स जिओकोडिंग. बीड शहरासाठी उत्तर साधारण १८.९९ उत्तर, ७५.७६ पूर्व असे येते. दशांश चिन्हानंतर दोन आकडे असले तर एखाद्या किलोमीटरचा अंदाज मिळतो. चार आकडे असले तर दहा-अकरा मीटरचा, म्हणजे थेट अंगणापर्यंत. इंटरनेटवर ही सेवा गूगल देते, मॅपमायइंडिया देते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडात सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच काढलेला, सर्वांना खुला असलेला नकाशा आहे. त्याच्यावर चालणारी ‘नॉमिनॅटिम’ ही सेवाही हेच काम करते. नॉमिनॅटिम हा लॅटिन शब्द, अर्थ ‘नावाने’.

प्रत्येक सेवेची विचारण्याची रीत वेगळी. एकीला किल्ली, म्हणजे सांकेतिक परवाना लागतो, दुसरीला लागत नाही. एक उत्तर एका साच्यात देते, दुसरी दुसऱ्या. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस इथे आठवावा. त्याच्याकडे जमिनीचा कागद नसतो, सातबारा त्याच्या दप्तरात नसतो. पण कोणत्या टेबलावर कोणत्या नमुन्यात अर्ज जातो, तिकीट कुठे लावायचे, सही कुठे घ्यायची, हे त्याला तोंडपाठ असते. शेतकऱ्याने आपले म्हणणे साध्या बोलीत सांगायचे, अर्ज तो लिहितो. प्रोग्रॅमिंगच्या जगात या अर्जनविसाला लायब्ररी म्हणतात: इतरांनी लिहून, तपासून, वापरायला मोकळा ठेवलेला कोडचा संच. पायथॉन भाषेत जिओकोडिंगसाठी ‘जिओपाय’ नावाची अशी लायब्ररी आहे. तिच्याजवळ स्वतःचा नकाशा नाही, एकाही गावाची नोंद नाही. नॉमिनॅटिम, गूगल, आर्कजीआयएस, हिअर अशा अनेक सेवांच्या दारात अर्ज कसा द्यायचा एवढे तिला ठाऊक आहे, आणि सेवा बदलली तरी आपला प्रोग्रॅम फारसा बदलावा लागत नाही, हा तिचा मोठा उपकार.

प्रत्यक्ष काम चार-पाच ओळींचे आहे. पहिल्या ओळीत जिओपायमधून नॉमिनॅटिम मागवायचे. दुसऱ्या ओळीत आपल्या प्रोग्रॅमची ओळख द्यायची, ‘युझर एजंट’ या रकान्यात. नॉमिनॅटिमची खुली सेवा देणगीवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टावर चालते. कोण विचारतो आहे हे तिला कळायला हवे असते, म्हणून ओळख न देणाऱ्याला जिओपाय स्वतःच दारातून परत पाठवते. तिसऱ्या ओळीत ‘जिओकोड’ या फंक्शनला गावाचे नाव द्यायचे. चौथ्या ओळीत उत्तर छापायचे: पूर्ण पत्ता, अक्षांश, रेखांश. संगणक शिकून वर्षही न झालेला विद्यार्थी हे एका बैठकीत करू शकतो. बीड, अंबाजोगाई, परळीच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी ते करून पाहावे.

आणि करून पाहताना नुसते ‘आष्टी’ विचारावे.

उत्तर येईल. एकच येईल, आणि कसलीही शंका न दाखवता येईल. जिओपायचे ‘जिओकोड’ फंक्शन, वेगळे काही सांगितले नाही, तर मिळालेल्या यादीतला पहिला निकाल तेवढा हाती देते आणि बाकीचे सोडून देते. पहिला कोण, हे नॉमिनॅटिम ठरवते ते त्या जागेच्या ‘महत्त्वा’वरून. हे महत्त्व मोजताना त्या जागेविषयी विकिपीडियात किती दुवे आहेत यालाही वजन असते. म्हणजे कुठली आष्टी पुढे येणार, हे विचारणारा कुठे राहतो यावर ठरत नाही, त्या आष्टीविषयी कुणी किती लिहून ठेवले यावर ठरते. उत्तर चुकले तरी प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. वर्ध्याच्या आष्टीचे अक्षांश-रेखांश बीडच्या यादीत निमूट जाऊन बसतात. जिओकोडिंगमधला सर्वांत घातक दोष हाच आहे, आणि तो पकडायचा असेल तर सगळे निकाल मागवावे लागतात. ‘एकच हवा’ या पर्यायापुढे ‘नाही’ लिहिले की आष्ट्यांची सगळी रांग समोर येते.

याहून चांगला उपाय गुरुजींनी शिकवलेलाच आहे. जिओपायला नॉमिनॅटिमकडे नाव एका ओळीत देता येते तसे रकान्यांत फोडूनही देता येते: गाव वेगळे, त्यावरचा विभाग वेगळा, राज्य, देश, पोस्टाचा क्रमांक वेगळा. मु. पो. ता. जि. हेच तर रकाने आहेत. भारतापुरते शोधायचे असेल तर देशाचा संकेत देता येतो. बीड जिल्ह्याभोवती चौकट आखून ‘याच्या बाहेर पाहू नकोस’ असेही बजावता येते.

जागेची ओळख पटवण्याची ही धडपड मराठीत फार जुनी आहे. चौदाव्या शतकातली महानुभावांची ‘स्थानपोथी’ घ्या. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गोदावरीच्या दोन्ही तीरांवर हिंडले. त्यांच्या मागे अनुयायांनी ती ठिकाणे शोधली आणि नुसती नावे न लिहिता खुणा लिहिल्या: देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणत्या दिशेला, आवारात स्वामी कुठे बसत, कुठे निजत. सात शतकांपूर्वीच्या त्या लेखकांना नावावर विसंबून चालणार नाही हे पुरते कळले होते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात त्यामागेही तेच शहाणपण आहे: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा, उत्तरेस पाणंद. गट नंबर चुकीचा पडला तरी चतुःसीमा जमीन दाखवून देते.

मग येतो पिन कोड, आणि त्याच्यामागे उभे असलेले एक मराठी नाव: श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. एकाच नावाची गावे, लिपी अनेक, स्पेलिंगे त्याहून अनेक, यामुळे पत्रांची वाटणी करणारे कर्मचारी हैराण होत. वेलणकरांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालवाटणीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन डाकघराचे. शब्दांच्या जंगलातून वाट काढायला त्यांनी आकडे वापरले. आजचे प्रोग्रॅमर ज्या प्रश्नाशी झगडतात, तो या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी ओळखला होता आणि देशभर लागू होईल असे उत्तर दिले होते. मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवे.

मात्र ‘टपालवाटणीचा जिल्हा’ आणि महसुली जिल्हा एक नव्हेत. बीड शहराचा पिन ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७, परळीचा ४३१५१५. यातला ४३१ हा आकडा संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड यांनाही लागतो. उलट आष्टीचा पिन ४१४२०३ आणि पाटोद्याचा ४१४२०४. ४१४ ही तर अहिल्यानगरची खूण. पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला, तर बीडचे दोन तालुके सरळ नगरमध्ये जातील. जिल्ह्याची खात्रीची ओळख हवी असेल तर सरकारी संकेतांक वापरावा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि बीडचा ५२३. गावालाही आपला स्वतंत्र क्रमांक असतो. नावे बदलतात, स्पेलिंगे बदलतात, क्रमांकावरून गाव सापडते.

स्पेलिंगांचे दुखणे बीडइतके क्वचित कुठे असेल. जिल्ह्याचेच नाव जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बी-आय-डी असे आहे. राज्य सरकारने काढलेल्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरवर बी-एच-आय-आर आहे. रोजच्या वापरात बी-ई-ई-डी. केज कुठे के-ई-जे, कुठे के-ए-आय-जे. गेवराई इंग्रजीत जिओराई होऊन बसते. माजलगावचे जनगणनेत मांजलेगाव झालेले आहे. अंबाजोगाई तिथे अंबेजोगाई आहे, आणि निजामी काळातल्या कागदांत तीच मोमिनाबाद. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही; म्हणून ‘पिंपळगाव’ शोधायला इंग्रजीतून गेलेला माणूस ‘पिंपलगाव’ विचारत असतो.

मग देवनागरीतूनच विचारावे. नॉमिनॅटिमला देवनागरी चालते, पण नकाशावर त्या गावाचे मराठी नाव कुणीतरी भरलेले असेल तरच. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका जागेच्या नावासाठी अनेक रकाने असतात: सर्वसाधारण नाव, मराठीतले नाव, दुसरे प्रचलित नाव, जुने नाव. मराठीचा रकाना रिकामा असेल तर ‘वडवणी’ लिहून काही हाती लागेलच असे नाही. जिओपाय अशा वेळी पायथॉनमधले ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’ एवढेच परत करते. देवनागरीतही एक आतली मेख आहे. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवले जाऊ शकते, एकसंध किंवा र-खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला दोन वेगळे शब्द दिसतात. म्हणून याद्या जुळवण्याआधी युनिकोडची एकरूपता करून घ्यावी. पायथॉनमध्ये त्यालाही एकच ओळ लागते.

नावांचा आणखी एक पदर आहे. तो तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्या नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे आली. पिढ्यान्‌पिढ्या पत्त्यातूनच अपमान वाट्याला आलेल्या लोकांसाठी हा निर्णय मोलाचा होता. नकाशापुढे यातून एक काम उभे राहते: गावोगावी एकाच नावाची नगरे झाल्याने वस्तीबरोबर गाव आणि तालुका लिहिणे आता अधिकच गरजेचे झाले. आणि ‘जुने नाव’ हा रकाना? मोमिनाबाद तिथे जरूर असावे. जुन्या दस्तांचा शोध घेणाऱ्याला ते लागते. पण वस्तीने टाकून दिलेले जातिवाचक नाव तिथे कुणी भरू नये. शोध सोयीचा व्हावा म्हणून ते नाव पुन्हा चारचौघांत टांगण्याचा अधिकार नकाशा काढणाऱ्याला नाही.

आता एक प्रत्यक्ष काम डोळ्यांसमोर आणू. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घराला कुलूप. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते, म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. समजा, कोणत्या वस्त्यांतून किती मुले मागे राहतात आणि वसतिगृह त्यांना किती दूर पडते, हे एका कार्यकर्तीला नकाशावर पाहायचे आहे. तिच्याकडे गावांची यादी आहे. जिल्ह्यात गावे तेराशेहून अधिक.

नॉमिनॅटिमच्या खुल्या सेवेचा नियम असा की सेकंदाला एकाहून जास्त प्रश्न विचारायचे नाहीत. जिओपायमध्ये त्यासाठी ‘रेट लिमिटर’ नावाची सोय तयार आहे. ती प्रत्येक प्रश्नानंतर प्रोग्रॅमला थोपवून धरते. तेराशे प्रश्न, तेराशे सेकंद, म्हणजे साधारण बावीस मिनिटे. चहा होईपर्यंत यादी तयार. आलेली उत्तरे लगेच फाईलमध्ये साठवावीत, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू नये. फुकट मिळणाऱ्या पाणपोईवर कुणी अंघोळ करत नाही. लाखोंनी पत्ते शोधायचे असतील तर भारताचा नकाशा उतरवून घेऊन नॉमिनॅटिम आपल्याच संगणकावर बसवता येते, तेही मोफत.

यादी तयार झाली की खरे काम सुरू होते. पहिली चाळणी चौकटीची: ढोबळमानाने १८.४ ते १९.५ अक्षांश आणि ७४.८ ते ७६.८ रेखांश यांच्या बाहेर पडलेला बिंदू बीडचा नव्हे. चौकटीत बसला म्हणून बीडचा, असेही नाही. जामखेड याच चौकटीत आहे आणि जिल्हा त्याचा अहिल्यानगर. तेव्हा दुसरी चाळणी जिल्ह्याच्या खऱ्या सीमारेषेची. तिसरी चाळणी कुणी सहसा लावत नाही, आणि तीच सर्वांत उपयोगी: एकच अक्षांश-रेखांश किती ओळींत आले आहेत ते मोजावे. सेवेला वस्ती सापडली नाही तर पुष्कळदा ती गावाचा, नाहीतर तालुक्याचा मध्य देऊन मोकळी होते. गूगलची सेवा अशा उत्तरावर ‘अंदाजे’ किंवा ‘अर्धवट जुळले’ असा शेरा मारते. तो शेरा वाचायचा असतो. वेगवेगळ्या दहा वस्त्या केज शहराच्या एकाच चौकात गोळा झालेल्या दिसल्या, तर त्या तिथे राहायला आलेल्या नाहीत. त्या सापडलेल्या नाहीत.

अंतर मोजतानाही सावध राहावे. जिओपायमधले ‘जिओडेसिक’ फंक्शन पृथ्वीचा किंचित चपटा आकार लक्षात घेऊन दोन बिंदूंमधले अंतर अचूक देते. बीड ते परळी ते साधारण ८० किलोमीटर देईल. पण ते पाखराचे अंतर. बालाघाटाचा डोंगर जिल्ह्याला मधोमध छेदतो. घाटावरच्या वस्तीवरून खाली गोदाकाठच्या पट्ट्यात जायला रस्ता वळसे घेत जातो. प्रसूतीसाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात निघालेल्या बाईच्या दृष्टीने सरळ रेषेतल्या किलोमीटरला काही अर्थ नाही. तिथे रस्त्यावरून मार्ग काढणारी वेगळी सेवा वापरावी.

एक चूक तर नवख्यांकडून हटकून होते. जिओपाय आधी अक्षांश, मग रेखांश देते. नकाशाच्या डेटासाठी सर्रास वापरला जाणारा जिओजेसन हा साचा आधी रेखांश मागतो. ही अदलाबदल राहून गेली की बीड ७५.७६ उत्तर आणि १८.९९ पूर्व इथे जाते. ती जागा नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळच्या थंडगार समुद्रात आहे.

तपासलेले बिंदू नकाशावर मांडण्यासाठी ‘लीफलेट’ ही जावास्क्रिप्टची लायब्ररी उत्तम. युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोनकिन यांनी ती २०११ साली लोकांसाठी खुली केली. नकाशाचा मध्य बीडवर ठेवायचा, झूमची पायरी द्यायची, बिंदू टाकायचे, काम झाले. पडद्यावर सलग दिसणारा नकाशा मुळात फरशांचा असतो. शून्याव्या पायरीवर सारे जग एका चौकोनी फरशीत मावते, पुढच्या प्रत्येक पायरीवर एका फरशीच्या चार होतात. दहाव्या पायरीवर जगाच्या १०,४८,५७६ फरशा होतात, आणि लीफलेट त्यातल्या आपल्यासमोरच्या तेवढ्याच मागवते. म्हणून दुबळ्या नेटवर्कवरही नकाशा उघडतो. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचे ऋण मान्य करणारी ओळ असते. ती काढू नये, परवान्याची ती अट आहे.

वस्ती सापडली. पण वस्तीतली माणसे सहा महिने तिथे नसतात. फडात, कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता काय लिहायचा? मु. पो. तिथे संपते. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साह्याने तयार केलेली ‘डिजिपिन’ ही पद्धत २७ मे २०२५ पासून खुली झाली. तिची रचना नकाशाच्या फरशांसारखीच. भारत सामावेल असा ३६ अंशांचा चौकोन घ्यायचा, त्याचे चार गुणिले चार म्हणजे सोळा भाग करायचे, ज्या भागात जागा आहे त्याचे अक्षर लिहायचे, त्याचे पुन्हा सोळा भाग. असे दहा वेळा. शेवटी उरतो सुमारे चार मीटर बाजूचा चौकोन, आणि त्याची दहा अक्षरांची ओळख. कोपीलाही ती मिळते, कारण इथे मालकीचा कागद लागत नाही, रस्त्याला नावही लागत नाही. तिचे सूत्र आणि कोड टपाल खात्याने खुले केले आहेत. अक्षांश-रेखांश फोनमध्ये आले की पुढचे गणित इंटरनेटशिवायही होते. आजारी पोराला न्यायला येणाऱ्या रुग्णवाहिकेला किंवा लसीकरणासाठी निघालेल्या आशाताईला ही दहा अक्षरे खरोखर उपयोगी पडू शकतात.

हीच अक्षरे चुकीच्या हातात पडली तर? उचल फिटलेली नाही म्हणून मजुराच्या मागावर असणारा माणूसही नकाशा वाचू शकतो. म्हणून कोपींचे बिंदू नावांसकट उघड्या नकाशावर कधीही टाकू नयेत. कार्यकर्तीने सेवेकडे पाठवायचे ते फक्त गावाचे आणि तालुक्याचे नाव. मुलाचे नाव, आईचे नाव, फोन नंबर आपल्याच फाईलमध्ये ठेवायचे आणि क्रमांकाने जोडायचे. परक्या सर्व्हरवर गेलेली यादी परत मागवता येत नाही. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. कायदा नसता तरी ही काळजी घ्यायलाच हवी होती. कंपन्यांच्या सेवा वापरताना त्यांच्या अटीही वाचाव्यात: मिळालेले अक्षांश-रेखांश किती दिवस साठवता येतील, कुठल्या नकाशावर दाखवता येतील, यावर बंधने असतात. कायमची यादी करायची असेल तर खुला नकाशाच बरा.

खुल्या नकाशाची एक अडचण आहे. तो कुणीतरी भरावा लागतो. लायब्ररी कितीही चांगली असली, चाळण्या कितीही बारीक लावल्या, तरी जे नाव नकाशावर नाही ते कुठलेही फंक्शन शोधून देणार नाही. पुण्याची गल्ली भरणारे पुष्कळ आहेत. पाटोदा तालुक्यातल्या माळावरची दहा घरांची वस्ती, धारूरच्या डोंगरातला तांडा भरायला पुण्याहून कुणी येणार नाही. आले तरी त्याला ‘वरची वस्ती’ आणि ‘मधली वस्ती’ यांतला फरक कळणार नाही. तो तिथल्या शाळेतल्या बाईंना कळतो, पोस्टमनला कळतो, आशाताईला कळतो, आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलाला कळतो.

या सभागृहात आणि हा मजकूर वाचणाऱ्यांत अशी माणसे नक्की आहेत. त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर एक मोफत खाते उघडावे. आपल्या वस्तीच्या पारापाशी उभे राहावे, नकाशावर ती जागा शोधून वस्तीचे नाव मराठीच्या रकान्यात शुद्ध लिहावे, दुसरे प्रचलित नाव असेल तर तेही लिहावे, आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशावरून नक्कल करू नये. शाळा, अंगणवाडी, हातपंप, उपकेंद्र दिसेल तेही टाकावे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी, वस्तीत माणसे आहेत आणि नाव विचारायला दारे उघडी आहेत तोवर, हे काम करावे.